मुंबईत सोसायटीसाठी वकील किंवा लॉ फर्म शोधताय? मग आधी हे तपासा

सोसायटी रीडेव्हलपमेंटला जायचं ठरलं की पहिलं भांडण होतं ते वकील कोण घ्यायचा यावरून. कुणाचा मेहुणा वकील असतो, कुणी ऑफिसात कुठल्यातरी मोठ्या फर्मचं नाव ऐकलेलं असतं, आणि कमिटीतला एकजण तरी म्हणतोच की अहो बिल्डरचे वकील सगळे कागद बनवतायत ना, मग आपण वेगळा खर्च कशाला करायचा. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आयुष्यभराची कमाई ज्या घरात आहे ते घर पाडायला देताना समोरच्याच्या वकिलाच्या भरवशावर राहायचं? मी मुलुंडच्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे, वकील नाही, पण डिम्ड कन्व्हेयन्सपासून (बिल्डर जमीन नावावर करून देत नाही तेव्हा सरकारी ऑर्डरने ती सोसायटीच्या नावावर करून घेणं) डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटपर्यंत (बिल्डरसोबतचा रीडेव्हलपमेंटचा करार) सगळ्यातून गेलेय, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांची लोकं विचारायला येतात तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे नीट लिहून काढतेय.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते ठीक, पण वकील फक्त कोर्टासाठी नसतो, उलट ॲग्रीमेंट करताना चांगला वकील असेल तर ती पायरी टळण्याची शक्यता वाढते. आणि आधीच का पारखून घ्यायचं त्याचं एक ठोस कारण आहे. सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये निकाल दिलाय की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, म्हणजे वकिलाने काम नीट केलं नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही. बार कौन्सिल आहे, दिवाणी दावा आहे, पण ते दोन्ही लांबचे रस्ते. त्यामुळे जी काय चौकशी करायची ती वकीलपत्रावर सही करायच्या आधी करायची.

सगळ्यात आधी फर्म बाजूला ठेवा आणि आपलं काम नक्की काय आहे ते एका कागदावर लिहा. हे कुणीच करत नाही. "सोसायटीचं काम आहे" एवढंच सांगतात, आणि त्यात पाच-सात वेगवेगळ्या प्रकारची कामं असतात. जमीन अजून जुन्या बिल्डरच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर असेल तर डिम्ड कन्व्हेयन्स, ते मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे म्हणजे डीडीआरकडे चालतं, आणि ऑर्डर मिळाली की काम संपत नाही, त्यानंतर स्टॅम्प ड्युटीचं ॲडज्युडिकेशन (किती ड्युटी लागेल ते स्टॅम्प ऑफिसकडून ठरवून घेणं), रजिस्ट्रेशन, मग सिटी सर्व्हेला जाऊन प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढवणं, या शेवटच्या टप्प्यावर कितीतरी सोसायट्या वर्षानुवर्षं अडकून पडतात. मेंबर मेंटेनन्स भरत नाही तर वसुलीचा अर्ज उपनिबंधकांकडे, पूर्वी सगळे याला सहकार कायद्यातल्या कलमावरून १०१ म्हणायचे, आता हाउसिंग सोसायट्यांसाठी कलम १५४ब-२९ आहे. कमिटी आणि मेंबरचे बरेचसे बाकीचे वाद सहकार न्यायालयात. पागडीची बिल्डिंग असेल तर भाडेकरूंची मॅटर्स स्मॉल कॉजेस कोर्टात, धोबी तलावला नाहीतर वांद्र्याला. नवीन घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळत नाही तर महारेरा, म्हणजे राज्याचं रिअल इस्टेट प्राधिकरण. दिवाणी दावा असेल तर जानेवारी २०२४ पासून साधारण १० कोटींपर्यंतचा दावा सिटी सिव्हिल कोर्टात जातो, आधी ही मर्यादा १ कोटी होती, त्याच्यावरचा हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडला, म्हणजे जिथे दावा थेट हायकोर्टातच दाखल होतो. आणि डीडीआरच्या ऑर्डरला आव्हान द्यायचं असेल तर हायकोर्टात रिट याचिका.

आता यातलं प्रत्येक काम रोज करणारे वकील वेगळे आहेत. डीडीआरकडे रोज उठबस असणारा वकील डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटच्या शंभर पानांत कच्चा असू शकतो, आणि ॲग्रीमेंट सुरेख लिहिणाऱ्या फर्मला सहकार न्यायालयात कुणी ओळखत नसेल. गुडघ्याच्या ऑपरेशनला आपण डोळ्याच्या डॉक्टरकडे जात नाही, तो कितीही नावाजलेला असला तरी. मग "फर्म चांगली आहे का" या प्रश्नाला तसा काही अर्थ उरत नाही, विचारायचं ते हे की या कामात, या ऑफिसात किंवा या कोर्टात, आणि फर्ममधला नक्की कोणता माणूस चांगला आहे.

मग हे कळणार कसं? आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायची परवानगी नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत नियम ३६ आहे, त्यात काम मागायला किंवा जाहिरात करायला सरळ बंदी आहे, २००८ मध्ये सुधारणा झाली त्यानंतर वेबसाईटवर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कोणत्या विषयात प्रॅक्टिस करतात एवढं टाकता येतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर कुणी "मुंबईतले नंबर वन रीडेव्हलपमेंट वकील, १०० टक्के रिझल्ट" असं बॅनर फिरवत असेल तर मी तिथेच फुली मारते, जो स्वतःच्या धंद्याचा पहिला नियम पाळत नाही तो आपले कागद काय सांभाळणार. आणि वेबसाईटवर पंचवीस प्रॅक्टिस एरिया लिहिलेले असले आणि ऑफिसात माणसं पाचच असली तर ती यादी तुमच्या कामाची नाही.

मोठ्या फर्म्सच्या बाबतीत रँकिंगचा विषय येतो. चेंबर्स अँड पार्टनर्स, लीगल ५०० अशा परदेशी डिरेक्टऱ्या आहेत, त्यात भारतातल्या फर्म्सचीही कामानुसार क्रमवारी लागते, बँड वन, टियर वन वगैरे. ती कशी लागते ते समजून घ्या. फर्म स्वतः वर्षभरातल्या मॅटर्सची माहिती पाठवते, सोबत क्लायंट्सची नावं देते, मग डिरेक्टरीवाले त्या क्लायंट्सशी आणि त्याच क्षेत्रातल्या बाकीच्या वकिलांशी बोलतात आणि ठरवतात. म्हणजे ते अगदीच पोकळ नाही, नावाजलेल्या डिरेक्टरीत वर्षानुवर्षं एकाच विषयात नाव टिकून असेल तर त्या विषयात फर्मकडे खरोखर दम आहे असं धरायला हरकत नाही. त्यातला वैयक्तिक वकिलांचा भाग जास्त वाचा, कारण तिथे कोण कशासाठी ओळखला जातो ते एका ओळीत लिहिलेलं असतं. पण रिअल इस्टेटमध्ये टियर वन म्हणजे काय, तर बहुतेक वेळा मोठे डेव्हलपर, फंड आणि बँका यांचं काम. तुमची बाजू टेबलाच्या पलीकडची आहे! ज्या फर्मचं नाव बिल्डर लोकांची कामं करून झालंय ती फर्म सोसायटीसाठी बिल्डरच्या अंगावर किती जाईल, हा प्रश्न मी तरी विचारणारच. काही फर्म्स दोन्ही बाजूंची कामं प्रामाणिकपणे करतात, त्यांना पलीकडचे डाव माहीत असतात हा फायदाही होतो, पण विचारायचं, गृहीत धरायचं नाही. बाकी हॉटेलात समारंभ करून वाटलेले जे अवॉर्ड असतात, ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या ट्रॉफ्या, त्यांच्याकडे मी बघतसुद्धा नाही.

मुंबईची एक खासियत माहीत असली की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. इथे हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडला पूर्वी सॉलिसिटर आणि काउन्सेल असे सरळ दोन वर्ग होते, सॉलिसिटरने क्लायंटला भेटायचं, कागद तयार करायचे, आणि काउन्सेलने कोर्टात उभं राहायचं. कायद्याने ही दुहेरी पद्धत १९७७ पासून बंद झाली, पण सवय गेलेली नाही. फोर्टातल्या जुन्या फर्म्स याच परंपरेतल्या, क्रॉफर्ड बेली १८३० पासूनची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, हायकोर्ट स्वतः स्थापन झालं १८६२ ला म्हणजे या फर्म्स कोर्टापेक्षाही जुन्या. आजही सॉलिसिटरची वेगळी परीक्षा देणारे लोक आहेत. तर सांगायचा मुद्दा असा की मुंबईत तुम्ही फर्म नेमलीत तरी हायकोर्टात तुमच्या बाजूने बोलणारा माणूस बऱ्याचदा फर्मचा नसतो, फर्मने ब्रीफ केलेला, म्हणजे केस समजावून उभा केलेला काउन्सेल असतो, आणि त्याची फी वेगळी. सीनिअर ॲडव्होकेट (कोर्टाने हा दर्जा दिलेला वकील) असेल तर तो स्वतः वकीलपत्र दाखल करूच शकत नाही, दुसऱ्या वकिलामार्फतच उभा राहतो. "आमचं मॅटर अमुक मोठे सीनिअर लढले" असं कुणी सांगितलं तर विचारा की त्यांना ब्रीफ कुणी केलं, कारण तुम्हाला शोधायचाय तो तोच माणूस.

आणि ते शोधायला फुकटातलं आणि सगळ्यात खरं साधन म्हणजे कोर्टाच्या ऑर्डरी. हायकोर्टाच्या साईटवर ऑर्डर्स सगळ्यांना बघता येतात. आपल्यासारखंच एखादं मॅटर घ्या, तुमच्या भागातल्या सोसायटीचं डिम्ड कन्व्हेयन्सचं रिट किंवा जागा खाली न करणाऱ्या मेंबरविरुद्धची पिटिशन, आणि त्याच्या ऑर्डरचं पहिलं पान उघडा. वर केस नंबर, पार्ट्यांची नावं, आणि त्याच्या खाली दोन-चार ओळी असतात ज्या आपण वाचतच नाही. मिस्टर अमुक, सीनिअर ॲडव्होकेट, मग विथ मिस तमुक, मग आय स्लॅश बी आणि त्यापुढे फर्मचं नाव, फॉर द पिटिशनर. त्या आय स्लॅश बीचा अर्थ इन्स्ट्रक्टेड बाय. म्हणजे बोलला कोण, सोबत उभं कोण होतं, आणि ब्रीफ कुठल्या फर्मने तयार केलं हे सगळं त्या एका ओळीत आहे. अशा वीसेक ऑर्डर्स चाळल्या की नावं रिपीट व्हायला लागतात, आणि रिपीट होणारी नावं म्हणजे त्या कामातली खरी प्रॅक्टिस. आमच्या कमिटीतल्या एका रिटायर्ड बँकवाल्या काकांनी हे काम अंगावर घेतलं होतं, वहीत तीन रकाने पाडले, सोसायटीच्या बाजूने कोण, बिल्डरच्या बाजूने कोण, मेंबरच्या बाजूने कोण, आणि आठवड्याभरात आमच्याकडे अशी यादी होती जी कुठल्याच डिरेक्टरीत मिळाली नसती.

ऑर्डरमध्ये निकालापलीकडचंही खूप दिसतं. "पिटिशनरच्या वकिलांच्या विनंतीवरून तारीख पुढे" असं एकाच फर्मच्या मॅटरमध्ये सारखं सारखं येत असेल तर नोंद घ्या. "पिटिशनरतर्फे कुणी हजर नाही" असं असेल तर मोठ्या अक्षरात नोंद घ्या. ऑफिस ऑब्जेक्शन काढली नाहीत म्हणून मॅटर निकालात निघालं असं दिसलं तर तिथे जाऊच नका, कारण ऑफिस ऑब्जेक्शन म्हणजे पानांचे नंबर, स्टॅम्प, अस्पष्ट झेरॉक्स अशा बारीक त्रुटी, त्या काढणं हे फर्मच्या क्लार्कचं काम, आणि ज्या फर्मला ते वेळेत जमत नाही तिच्याकडे शिस्त नाही एवढं नक्की. हरलेली मॅटर्स मात्र लगेच काटू नका, कधी केसच कमजोर असते, उलट ऑर्डरमध्ये वकिलाने कोणते मुद्दे मांडले ते लिहिलेलं असतं, ते वाचा, साध्या माणसालाही कळतं की तयारी होती का नाही.

खालच्या कोर्टांसाठी ईकोर्ट्सची साईट किंवा ॲप आहे. केस स्टेटसमध्ये जाऊन वकिलाच्या नावाने शोधता येतं, चालू आणि निकाली दोन्ही. नावाची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे टाकून बघा, आणि मुंबईत एका नावाचे ढीगभर वकील असतात तेव्हा दुसऱ्याचीच केस याच्या नावावर धरू नका. सनद तपासायची असेल तर वकीलपत्रावर किंवा शिक्क्यावर नंबर असतो, एमएएच, मग नंबर, मग वर्ष, ते वर्ष म्हणजे सनद मिळाल्याचं. शंका असली तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे विचारता येतं. यात लाज वाटायचं काही कारण नाही, आपण वॉचमन ठेवतानासुद्धा आधार कार्ड बघतो.

यानंतर एक तपासणी अशी आहे जी रीडेव्हलपमेंटमध्ये जवळजवळ सगळे विसरतात. तुमच्याकडे ज्या बिल्डर्सच्या ऑफर आल्यात त्यांचे जुने प्रोजेक्ट महारेराच्या साईटवर उघडा, तिथे कागदपत्रांमध्ये लीगल टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीबद्दलचा वकिलाचा अहवाल) असतो आणि त्याच्यावर वकिलाची किंवा फर्मची सही असते. बिल्डरला टायटल रिपोर्ट देणारी फर्म आणि तुमच्या शॉर्टलिस्टमधली फर्म एकच निघाली तर? आमच्या जवळच्याच एका सोसायटीत असंच निघालं, फर्म पीएमसीने (सोसायटीने नेमलेला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) सुचवली होती, पीएमसीलाही बिल्डरकडून कामं मिळत होती, आणि तळमजल्यावरच्या एका काकूंनी मोबाईलवर तो रिपोर्ट उघडून स्पेशल जनरल मीटिंगमध्ये दाखवला तेव्हा हॉल शांत झाला. एकाच मॅटरमध्ये दोन्हीकडून काम करायला तर वकिलांच्या नियमांतच मनाई आहे, पण दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तोच बिल्डर क्लायंट असेल तरी तुम्हाला ते आधी कळायला हवं. म्हणून लेखी विचारा की या या बिल्डर्सचं, त्यांच्या ग्रुप कंपन्यांचं, आमच्या कुठल्या मेंबरचं काम तुम्ही करता का किंवा केलंय का. चांगली फर्म हे विचारल्यावर चिडत नाही, स्वतःहून कॉन्फ्लिक्ट चेक करून सांगते.

जुन्या क्लायंट्सना फोन करताना "वकील कसे आहेत" असं विचारू नका, "चांगले आहेत हो" एवढंच उत्तर मिळतं आणि फोन संपतो. बारीक बारीक विचारा. पहिला ड्राफ्ट यायला किती दिवस लागले? तारखेच्या आदल्या दिवशी मॅटर बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत) आहे म्हणून मेसेज कोण करायचं? सुनावणीला प्रत्यक्ष कोण होतं? बिल्डरच्या वकिलाने क्लॉज बदलून पाठवला तेव्हा तो बदल कुणी पकडला, तुमच्या वकिलाने का तुमच्या मेंबरने? बिल सांगितल्यापेक्षा किती वाढलं, आणि वाढणार हे आधी सांगितलं होतं का? आणि हे फक्त सेक्रेटरीला विचारून थांबू नका, त्याच सोसायटीतल्या एखाद्या विरोध करणाऱ्या मेंबरलाही गाठा. कारण सोसायटीच्या वकिलाची खरी कसोटी तिथे लागते, जनरल बॉडीत चिडलेल्या माणसाच्या प्रश्नाला त्याने नीट समजावून उत्तर दिलं का दोन कलमं तोंडावर फेकून गप्प केलं. आमच्या इथे आजी-आजोबा खूप आहेत, त्यांना मराठीत समजावणारा वकील पाहिजे ही आमची अट होती आणि मला ती अजूनही बरोबर वाटते, ॲग्रीमेंट इंग्रजीत असतं, पण सही करणाऱ्या माणसाला ते आपल्या भाषेत कळलंच पाहिजे.

पहिल्या मीटिंगला जाताना तयारीने जा. एका पानावर तारीखवार घटना लिहा, वकील याला लिस्ट ऑफ डेट्स म्हणतात, सोसायटी कधी रजिस्टर झाली, ओसी (बिल्डिंग वापरायची पालिकेची परवानगी) आहे का, कन्व्हेयन्स झालंय का, कोणत्या मीटिंगमध्ये काय ठराव झाला, कुणी काय नोटीस दिली. सोबत प्रॉपर्टी कार्ड, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, एखाद्या जुन्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट, बिल्डिंगचा मंजूर प्लॅन, मिनिट्स. आणि मग बघा की समोरचा आधी कागद वाचतो का आधी फी सांगतो. मला चांगला वाटलेला प्रत्येक वकील पहिल्या पंधरा मिनिटांत काहीतरी असं विचारायचा की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो, जसं की तुमच्या प्लॉटमधून डीपी रोड (पालिकेच्या विकास आराखड्यातला रस्ता) जातो का, प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ आणि ॲग्रीमेंटमधलं जुळतं का, गॅरेजवाल्याला मेंबर केलंय का.

आपणही चार प्रश्न तयार ठेवायचे, ज्यांची उत्तरं आपल्याला थोडीफार आधीच माहीत आहेत. रीडेव्हलपमेंटबद्दलचा, सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा जीआर (सरकारी निर्णय) घ्या, त्यात स्पेशल जनरल मीटिंगला दोन तृतीयांश कोरम आणि एकूण मेंबर्सच्या किमान ५१ टक्क्यांची संमती म्हटलंय, बिल्डरकडून प्रोजेक्टच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीही म्हटलीय. मग विचारा की यातली एखादी पायरी चुकली तर काय होतं. नुसतं "सगळं रद्द होतं" म्हणणारा वकील आणि "हायकोर्टाने अनेक निकालांत ही मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक नसून निर्देशात्मक आहेत असं म्हटलंय, तरी आपण पाळूया, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको" असं म्हणणारा वकील, फरक लगेच कळतो. दुसरा प्रश्न, एकदोन मेंबर जागा खालीच करत नसतील तर? यावर हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचचा २००९ चा निकाल आहे, की सोसायटीने बहुमताने ठरवलं की मेंबर त्याला बांधलेला असतो, आणि त्यातूनच आर्बिट्रेशन (लवाद) कायद्याच्या कलम ९ खाली, म्हणजे कोर्टाकडे अंतरिम आदेशासाठी अर्ज करून जागा खाली करून घेण्याची वाट मुंबईत रुळली. हे ज्याला माहीत नाही तो रीडेव्हलपमेंट करत नाही. तिसरा, नवीन फ्लॅटच्या पर्मनंट अल्टरनेट अकोमोडेशन ॲग्रीमेंटवर मेंबरने पुन्हा फ्लॅटच्या किमतीवर स्टॅम्प ड्युटी भरायची का, यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने मेंबर्सच्या बाजूने निकाल दिलाय, आणि बिल्डरचे ड्राफ्ट अजून कधीकधी हा खर्च मेंबरवर ढकलतात. चौथा प्रश्न भाड्याचा, बिल्डरने अर्ध्यात भाडं थांबवलं तर आपल्या हातात काय राहतं, त्याला ॲग्रीमेंटमधल्या कोणत्या क्लॉजने बांधायचं, टर्मिनेशन कधी करता येईल आणि अर्धवट बिल्डिंगवर बँकेचा बोजा असेल तर काय. या चौथ्या प्रश्नावर वकील जितका वेळ बोलेल तितका चांगला, कारण मुंबईत सोसायट्या मरतात त्या इथेच, भाडं बंद, काम बंद, आणि म्हातारी माणसं भाड्याच्या घरात.

निकालाची खात्री देणारा वकील नको. जिंकलं तर इतके टक्के, हरलं तर काही नको असं बोलणारा तर मुळीच नको, निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत, नियम २० मध्ये, मनाई आहे. "याची गरज नाही, नुसती नोटीस देऊन बघू" असं म्हणून स्वतःचं काम कमी करणारा भेटला तर त्याचं नाव यादीत वर घ्या.

फीचं बोलायचं तर टप्प्याटप्प्याने ठरवून घ्या. टायटल सर्च आणि रिपोर्ट इतके, टेंडरचा मसुदा इतके, डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट इतके, मग मेंबर्सची वैयक्तिक ॲग्रीमेंट्स. कोर्टाचं काम असेल तर ड्राफ्टिंग, दर तारखेची अपिअरन्स फी, कॉन्फरन्सची फी, काउन्सेलची फी हे सगळं वेगवेगळं विचारा, आणि काउन्सेल नेमायच्या आधी आमची लेखी मंजुरी हवी हे घालून घ्या. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, क्लार्कचा खर्च किरकोळ वाटतो पण बिलात त्याची रांग लागते. रीडेव्हलपमेंटमध्ये सोसायटीच्या वकिलाची फी शेवटी बिल्डरच देतो अशी मुंबईत पद्धत आहे, ती चालेल, पण पैसा सोसायटीच्या खात्यातून वकिलाकडे गेला पाहिजे, बिल्डरने सोसायटीला द्यावा आणि सोसायटीने वकिलाला. ज्याचा चेक त्याचा वकील असं होतं हो शेवटी, मग कुणी कितीही सज्जन असो.

एंगेजमेंट लेटर (काम आणि फीच्या अटी लिहिलेलं नेमणुकीचं पत्र) घ्या, आणि त्यात एक ओळ अशी घाला की आपल्या फाईलवर नक्की कोण काम करणार. माझा सगळा जोर या ओळीवर आहे. एका सोसायटीच्या चेअरमन काकांनी मला त्यांचे ईमेल दाखवले होते, नावाजलेली फर्म, पहिल्या मीटिंगला पार्टनर स्वतः, कॉफी, भलं मोठं कॉन्फरन्स टेबल, त्यानंतर पार्टनर दिसलेच नाहीत, आणि जो ड्राफ्ट आला त्यात एका ठिकाणी दुसऱ्याच सोसायटीचं नाव राहिलं होतं. ज्युनिअरने काम करणं यात चूक काही नाही, सगळीकडे तसंच चालतं आणि काही ज्युनिअर फार मन लावून करतात, पण फायनल ड्राफ्ट कोण वाचणार, बिल्डरच्या वकिलासोबतच्या मीटिंगला कोण बसणार, तो माणूस फर्म सोडून गेला तर कळवणार का, हे कागदावर पाहिजे. मोठी फर्म का तीन वकिलांचं छोटं ऑफिस, हा वादही मग आपोआप सुटतो. मोठा प्लॉट, दोन-तीन सोसायट्या एकत्र, बँक, टॅक्स, आर्बिट्रेशन असं सगळं गुंतलेलं असेल तर मोठ्या फर्मकडे प्रत्येक विषयाचा माणूस असतो. एकच बिल्डिंग आणि डीडीआरचं काम असेल तर मुलुंड, ठाणे, बोरिवलीतलं छोटं ऑफिस जास्त लक्ष देतं आणि फोनही उचलतं.

काम सुरू झाल्यावर दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, ओरिजिनल शक्यतो देऊच नका, सर्टिफाईड कॉपी द्या. केसचा सीएनआर नंबर (ईकोर्ट्सवर प्रत्येक केसला असतो तो वेगळा नंबर) मागून घ्या म्हणजे पुढची तारीख तुमची तुम्हाला बघता येते. वकिलाला फोन करून करून त्रास देऊ नका, पण महिन्यातून एकदा लेखी स्टेटस मागा आणि ते कमिटीच्या मिनिट्समध्ये घ्या. कमिटी बदलली की नव्या लोकांना काहीच माहीत नसतं, तेव्हा ही मिनिट्सच कामाला येतात.

नाहीच जमलं तर वकील बदलता येतो, तो तुमचा हक्क आहे. जुन्या वकिलाची एनओसी घेतात, ती शांतपणे मागा, हिशेब मिटवा. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवली असेल तर सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय की फीसाठी क्लायंटचे कागद अडवायचा अधिकार वकिलाला नाही, फी वसूल करायची तर वेगळा मार्ग आहे. पैसे घेऊन गायब होणं, समोरच्या पार्टीला मिळणं अशा गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे करता येते, त्यासाठी पावत्या, मेसेज, ईमेल, वकीलपत्राची कॉपी एकत्र ठेवा.

आणि सोसायटीचं नाही तर एकट्या मेंबरचं प्रकरण असेल, आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना उत्पन्न न बघता, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. आमच्या बिल्डिंगमधल्या एका विधवा बाईंना हे माहीतच नव्हतं, दिराविरुद्धच्या फ्लॅटच्या वादात त्या दागिने मोडायला निघाल्या होत्या. हेल्पलाईन १५१०० आहे, हायकोर्टातही वेगळी समिती आहे, अर्ज करताना उत्पन्नाचा नाहीतर जातीचा दाखला आणि केसचे असतील ते कागद सोबत न्या.